ताटातली मिठाची जागा : राजापूरकडच्या एका घरातल्या जुन्या चांदीचं प्रकरण

२०२५ च्या गणपतीत राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका घरात चांदी मोडायचं ठरलं. घर चार भावांचं. थोरले गेले; त्यांच्या पत्नी, आमच्या थोरल्या काकू, आता त्या घरात एकट्या असतात. दोन दीर पुण्या-ठाण्याला. चौथे भाऊही वारले, त्यांचा मुलगा दुबईत. गणपतीत सगळी मंडळी जमतात आणि आरत्या आटोपल्या की ओटीवर वाटणीचे विषय निघतात, हे आमच्याकडे घरोघरी चालतं. त्या वर्षी चांदीने किलोला लाखाचा आकडा ओलांडला होता आणि ती चढतच होती. माजघरातल्या पेटीत नऊ किलो चांदी आहे, हे त्या घरात लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेलं. नवाला लाखाने गुणायला कागद-पेन्सिल लागत नाही. दिवाळी झाली की सगळं आटवायचं आणि पैसे चार ठिकाणी वाटायचे, असं एकमताने ठरलं.

नवरात्र संपल्यावर काकूंचा फोन आला. "बाय, तू बँकेत तारणाच्या टेबलावर होतीस. एकदा येऊन बघून जा. मोडायचं तर मोडू, पण काय मोडतोय ते तरी कळू दे."

बावीस वर्षं मी सोनेतारणाचं काम केलं. समोर आलेल्या पाटल्या-बांगड्या काट्यावर ठेवायच्या, कस बघायचा, आकडा लिहायचा. त्या टेबलावर किती जुनी घडणावळ माझ्या हातून नुसत्या ग्रॅमात उतरली, याची चुटपुट मला निवृत्तीनंतर लागली. तेव्हापासून आसपासच्या गावांतल्या घरांमधल्या जुन्या वस्तूंच्या नोंदी करते. फोटो, मापं, घरातल्या माणसांनी सांगितलेलं. हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण असाच निर्णय आज कोकणात कितीतरी घरांत होतो आहे. चांदी अजून त्या घरात आहे, म्हणून गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही.

पेटी फणसाच्या लाकडाची, पितळी कड्यांची. उघडली तेव्हा आत वर्तमानपत्राचे कागद, एक जुनी लोकरीची शाल आणि चमच्यांच्या जुड्यांना घातलेले रबरबँड. चांदीला काळी पाडणारं जे जे म्हणून असतं ते सगळं एकाच पेटीत. चांदी काळवंडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूमुळे. पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. रबरात गंधक, लोकरीत गंधक. वरून समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. रबरबँड काढले तर प्रत्येक चमच्याच्या दांडीवर काळी रेघ आखल्यासारखी उमटलेली होती. ती पुसून गेली नाही, कारण तिथला धातूच खाल्ला गेला होता.

दोन दिवस लागले. एकूण ६१ वस्तू. घरातल्या कोणी कधी मोजल्याच नव्हत्या. आम्ही ओटीवर पांढरी चादर अंथरली, प्रत्येक वस्तूला वहीत क्रमांक दिला आणि काहीही पुसायच्या आधी फोटो काढले. पुसायच्या आधी, हे मी मुद्दाम सांगते. कशी सापडली, काळेपणा कुठे आहे, कुंकू कुठे अडकलंय, झाकण कुठे चेपलंय ही सगळी माहिती असते आणि फडकं फिरलं की ती गेली.

चार वस्तू वजनात धरताच येत नव्हत्या. चांदीचा पत्रा मढवलेले दोन पाट आणि देव्हाऱ्याची प्रभावळ, यांच्या आत लाकूड. चौथा गौरीचा मुखवटा, त्याच्याबद्दल पुढे सांगते. पाच वस्तू, म्हणजे चहादाणी, दूधदाणी, साखरेचं भांडं, चिमटा आणि मोठा ट्रे, यांच्या बुडाशी बारीक इंग्रजी अक्षरं होती : ई.पी.एन.एस. म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. तांबं, निकेल आणि जस्त यांच्या ज्या मिश्रधातूला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो, त्यात चांदी कणभरही नसते. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने १८४० मध्ये या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि मग असे चहाचे संच साम्राज्यभर पोचले. घरातल्या नऊ किलोंपैकी २ किलो ११० ग्रॅम तिथेच वजा झाले. ठाण्याच्या काकांचा चेहरा उतरला. मला मात्र तो संच आवडला. चहा कोकणातल्या ओटीवर प्रतिष्ठेचा झाला तो काळ त्याच्यात आहे. मोडीत त्याला किंमत नाही, म्हणून तो वाचला.

उरलेल्या ५२ वस्तूंचं वजन ६ किलो २४० ग्रॅम भरलं. त्यातल्या २९ साठ-सत्तर वर्षांतल्या : लग्नामुंजीत आलेल्या वाट्या, छोटी निरांजनं, लक्ष्मीचे शिक्के. जुन्या २३. त्यात एक छोटा मग निघाला, त्याच्यावर इंग्लंडचे ठसे होते. चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, आणि नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. बाकी एकावरही ठसा नाही, आणि त्यात आश्चर्य नाही. आपल्याकडच्या जुन्या घरगुती चांदीवर असा ठसा क्वचितच मिळतो. सोनार ओळखीचा असायचा, त्याचा शब्द हाच ठसा.

ठसा नसला तरी वजन बोलतं. जेवायची चार ताटं होती, त्यातलं प्रत्येक ५७८ ग्रॅमच्या आसपास. हा आकडा मला सारखा खटकत होता. रात्री लक्षात आलं. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि ब्रिटिश अमलातला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा असायचा. पन्नास रुपये म्हणजे ५८३ ग्रॅम. थोडी घट आणि एवढ्या वर्षांची झीज धरली की ५७८. सोनाराला पन्नास रुपये मोजून दिले आणि त्याने त्यांचं ताट करून आणलं, असं मला दिसतं. त्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे, म्हणजे शेकडा ९१.७. रत्नागिरीला एका सराफाकडे क्ष-किरणांनी टंच, म्हणजे चांदीचा शुद्धपणा, काढायचं यंत्र आहे. त्याने वस्तूला ओरखडाही जात नाही. काकूंना सोबत घेऊन मी दोन ताटं तिथे नेली. पाच-सहा जागी तपासलं, टंच एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या दरम्यान आला. हे यंत्र फक्त वरचा थर वाचतं आणि वरच्या थरातलं तांबं पुष्कळदा कमी झालेलं असतं, त्यामुळे एका जागेच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. पण वजन आणि टंच दोन्ही एकच गोष्ट सांगत होते.

आणि मग ताटांतले ते डाग. चारही ताटांत वरच्या कडेपाशी, मधोमध, पावलीएवढ्या जागेत बारीक खड्डे होते. सुईने टोचल्यासारखे. बाकी ताट गुळगुळीत. पुण्याचे नाना म्हणाले, "धातू खराब असेल तेवढ्यात." मी ताट काकूंसमोर पाटापुढे मांडतात तसं ठेवलं आणि विचारलं, इथे काय वाढतात? काकूंनी बोट ठेवलं आणि क्षणभर बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मीठ."

आपल्या पानात मीठ वरच्या बाजूला मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. मिठातला क्लोराइड चांदीला खातो. युरोपात मिठाच्या चांदीच्या भांड्यांना आतून सोन्याचा मुलामा देत तो याचसाठी. इथे सणासुदीला, जावयाच्या पंगतीला, श्राद्धाच्या पानाला, दर वेळी चिमूटभर मीठ त्याच जागी पडत गेलं. पान वाढायची रीत धातूत कोरली गेली. मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही नक्षीपेक्षा ती मिठाची टिकली मला मोलाची वाटते, कारण ती कोणी मुद्दाम केलेली नाही. घरातल्या बायकांच्या हातांनी ती नकळत झाली.

ताटं मुळात सहा होती. दोन कुठे गेली हे विचारल्यावर ठाण्याच्या काकांनी खिशातून पावती काढली. गणपतीनंतर टंच किती येतो ते बघायला म्हणून ते दोन ताटं एका शहरातल्या दुकानात घेऊन गेले होते. तिथे ती आटवूनच टंच काढला. त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. दुकानदारानेही त्याच्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणेच केलं. पावतीवर एवढंच लिहिलं होतं : जुनी चांदी, वजन, घट वजा, रक्कम. दोन पानांची मिठाची जागा मुशीत गेली, आणि तिची आठवण ठेवायला त्या चार ओळी उरल्या.

पावती हातात घेतल्यावर मला दिवेआगर आठवलं, आणि मी ते सगळ्यांसमोर बोलले. १९९७ मध्ये बागेत तांब्याच्या पेटीत सुवर्णगणेशाचा मुखवटा सापडला. २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, मुखवटा चोरांनी वितळवला. पुढे सोनं हाती लागलं, २०२१ मध्ये पुन्हा प्रतिष्ठापनाही झाली. पण पेटीतून निघालेला तो मुखवटा, ज्या हातांनी घडवला त्या हातांच्या खुणांसकट, कायमचा गेला. सोनं परत येतं, वस्तू परत येत नाही. नाना त्यावर काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक घात झाला. पुतणीने फोनवर पाहिलं होतं की तव्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा आणि कढत पाणी घातलं की काळी चांदी आपोआप उजळते. उजळते हे खरं. सल्फाइडमधला गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातो. पण पृष्ठभाग निस्तेज आणि सच्छिद्र राहतो, आणि नक्षीच्या खोलगट भागातला जो काळेपणा कारागिराने जाणून ठेवलेला असतो तोही धुऊन जातो. तिने सुरुवात केली ती गौरीच्या मुखवट्यापासून. हा मुखवटा पातळ पत्र्याचा, उठावाच्या कामाचा. असं काम राळेवर पत्रा ठेवून ठोकून केलेलं असतं आणि पुष्कळदा नंतरही आत राळ भरलेली ठेवतात, पत्रा चेपू नये म्हणून. कढत पाण्यात राळ मऊ झाली. स्वयंपाकघरातून धूप जाळल्यासारखा वास आला म्हणून मी धावले, तेव्हा मानेच्या फटीतून तपकिरी ओघळ येत होता आणि डाव्या गालाला, तिने चिमट्याने धरलं होतं तिथे, खळगा पडला होता. उताणा ठेवून निवू दिला. खळगा आहे तसाच ठेवलाय. मागून दाबून काढायला गेलं तर जुना पत्रा फाटतो. पोरगी रडवेली झाली. तिला दोष देऊन काय होणार? चांदी पुसायची कशी हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ ताम्हनाने घेतला. मोठं, संध्येचं, कडेला वेल आणि बुडाशी खालच्या बाजूने कोरलेला मजकूर. काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या आधी ते एका दुकानात पॉलिशला दिलं होतं. तिथे यंत्रावर बफ मारून ते आरशासारखं करून दिलं, आणि कोरलेली अक्षरं जवळजवळ सपाट करून टाकली. दिवसा पाहिलं तर 'शके १८' एवढंच लागत होतं. रात्री दिवे मालवले, ताम्हन पालथं घातलं आणि टॉर्च अगदी आडवा, पृष्ठभागाला चिकटून धरला. पुतणी फोटो काढत होती. टॉर्च तसूभर फिरवला की एक अक्षर उठायचं, दुसरं बुडायचं. पाचव्या-सहाव्या फोटोत आकडा पुरा झाला : शके १८१९. खाली 'देवास' आणि त्यापुढे तीन अक्षरं, जी अजूनही लागलेली नाहीत.

शकात ७८ मिळवले की १८९७. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग सुरू झाला आणि त्या सुमारास माणसं मुंबई सोडून गावांकडे पळाली. काकूंच्या सासूबाई सांगत की ताम्हन 'मुंबईहून जीव वाचवून आल्यावर' केलं. दोन्ही धागे जुळतात. मी वहीत दोन्ही लिहिलं : कोरलेलं काय, ऐकलेलं काय. दोन वेगळ्या रकान्यांत, कारण पुढच्या माणसाला त्यांत फरक करता आला पाहिजे.

या एका तारखेने दुबईच्या पुतण्याचा बेत थांबला. त्याला मोडायचं नव्हतं. ताम्हन आणि गुलाबदाणी आपल्या वाट्याला घेऊन तिकडच्या घरात ठेवायची, एवढीच त्याची इच्छा. मनातून मला तोच सगळ्यांत जवळचा वाटत होता. पण पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२, याच्यानुसार ऐतिहासिक मोलाची, शंभर वर्षं पुरी झालेली वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड आहे. वस्तू तेवढी जुनी नाही असं वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घ्यावा लागतो. त्यांचं मुंबई मंडळ शीवच्या किल्ल्यात आहे. ताम्हनावर तर तारीखच कोरलेली. सामानात घालून नेलं असतं तर विमानतळावर घरची लक्ष्मी चोरीच्या मालासारखी जप्त झाली असती. त्याला फोनवर हे समजावलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, म्हणजे माझ्या पणजोबांचं ताम्हन हा देशाचा ठेवा आहे?" हो, आहे. कायद्याचा भर निर्यात, व्यापार आणि नोंदणीवर आहे. घरातल्या घरात आटवण्यापासून ते ताम्हन वाचवणं हे घरच्याच माणसांच्या हाती राहतं.

गुलाबदाणीवर दाट वेलबुट्टी आहे, पानांत लपलेले पक्षी आहेत, मागची जमीन बारीक टिंबांनी भरलेली. ही कच्छी धाटणी. भुजच्या ओमरसी मावजींच्या कामाने ती जगभर ओळखली जाते. त्यांचा ठसा आमच्या गुलाबदाणीवर नाही, आणि नसला म्हणून तिचं काही कमी होत नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी अंगणात आली की हिच्यातूनच गुलाबपाणी शिंपडायचं हा त्या घराचा रिवाज. हे ऐकल्यावर मी विचारलं, मोडल्यावर पालखीपुढे काय धरणार होतात? कोणी उत्तर दिलं नाही.

नानांनी सुचवलं की सगळं पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी देऊन टाकू. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवायला घेतलेला आणि १९७५ मध्ये राज्य सरकारच्या स्वाधीन केलेला तो संग्रह नानांनी शाळेत असताना पाहिला होता. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, असल्या घरगुती वस्तूंतच कला आहे हे महाराष्ट्राला त्या संग्रहाने दाखवलं. मार्ग चांगलाच आहे. पण कुठलंही संग्रहालय निवडून घेतं, आणि वहीतल्या नोंदींशिवाय गेलेली वस्तू तिथे 'चांदीचे ताट' एवढीच होऊन बसते. शिवाय पालखी तर गावातच येणार.

तडजोड झाली ती अशी. अलीकडच्या २९ वस्तू मोडल्या. १ किलो ४८० ग्रॅम, पैसे चार वाट्यांत. काही जण म्हणतील तेही राखायचं होतं. माझं मत तसं नाही. सगळंच धरून बसलो असतो तर ठाण्याच्या काकांचा धीर सुटला असता, आणि त्यांना मुलीच्या शिक्षणासाठी पैशांची गरज खरोखरच होती. जुन्या २३ आणि न मोजलेल्या चार वस्तू अविभक्त राहिल्या. वकिलाकडून लेखी करार केला : मालकी चौघांची समान, ताबा काकूंकडे, चौघांच्या सहीशिवाय विकणं, मोडणं, पॉलिश करणं नाही. 'पॉलिश' हा शब्द मी हट्टाने घालायला लावला. फोटो आणि नोंदींची एकेक प्रत चौघांकडे आहे. चोरी झालीच तर पोलिसांपुढे ठेवायला दुसरं काहीही कामाचं नसतं.

फणसाची पेटी रिकामी करून ओटीवर ठेवली. चांदी आता धुतलेल्या, बिनखळीच्या मांजरपाटात गुंडाळून, साध्या पॉलिथिनच्या पिशव्यांत, आर्द्रता शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह लोखंडी कपाटात आहे. कपाट समुद्राकडच्या भिंतीला नाही. पावसाळ्यात पुड्या बदलायच्या. वापर झाला की कोमट पाणी, सौम्य साबण, पुसून पूर्ण कोरडं. फारच काळं पडलं तर अतिमऊ खडूची पूड पाण्यात कालवून कापसाने, एकाच दिशेने, हलक्या हाताने. रांगोळी नाही, राख नाही, टूथपेस्ट नाही, काथ्याची चोथी नाही. यातलं प्रत्येक दर वेळी चांदीचा एक पदर घेऊन जातं. नक्षीच्या खोबणीतला काळेपणा राहू द्यायचा. ताटातल्या मिठाच्या जागेला कोणी हात लावायचा नाही.

काकूंनी यातली एकच गोष्ट मान्य केली नाही. हातमोजे. "देवाच्या भांड्याला मोजे घालून हात लावू?" मी आग्रह सोडला. हात धुऊन, कोरडे करून लावतात, तेवढं पुरे.

२०२६ च्या शिमग्यात मी मुद्दाम गेले. पालखी दुपारी अंगणात आली, ढोल थांबले, गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. काकूंनी गुलाबदाणी दोन्ही हातांत धरून पालखीवर, मग मानकऱ्यांवर, मग माझ्यावर शिंपडली. पालखी पुढच्या घराकडे गेल्यावर त्या आत आल्या. फिरकीचे तीन भाग सुटे केले, धुतले, सुती फडक्यावर उपडे घातले. मग कपाटातून वही काढली, क्रमांक सतराचं पान उघडलं आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं : 'शिमगा. पालखीपुढे वापरली. धुतली. वरच्या फिरकीचा आटा थोडा ढिला वाटतो. बघणे.'